पावसाळ्यात पोअरिंगवर रेझिन: वर चिकट, मधे खड्डे, खाली भेगा. चुकतंय कुठं?

मोरपंखी

गणपतीला सहा आठवडे आहेत. १२ इंची गोल एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी, जाडी १२ मिमी) ॲक्रिलिक पोअरिंग, म्हणजे पातळ रंग ओतून केलेली नक्षी, त्यावर रेझिनचा काचेसारखा थर आणि मधे घड्याळाचं मशीन, असा बेत आहे. शिवाय सिलिकॉनच्या साच्यात कोस्टर आणि आरतीची ताटं. पहिल्या खेपेच्या तीन घड्याळांत तीन वेगळ्या खोडी निघाल्या:

पहिलं: चार दिवस झाले, आत कडक आहे पण वर तेलकट हात फिरल्यासारखं चिकट आणि जरा दुधाळ.
दुसरं: जागोजागी गोल खड्डे. रेझिन तिथून मागं सरकलं आणि खालचा रंग उघडा पडला.
तिसरं: रेझिन अजून घातलेलं नाही, पण पोअरिंगलाच वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा.

कृती: रंग १ भाग, फेव्हिकॉल आणि पाण्याचं मिश्रण २ भाग, सेल्स (रंगात उमटणारी गोल-गोल जाळी) याव्यात म्हणून प्रत्येक कपात केसांच्या सिरमचे ५-६ थेंब. तीन दिवस वाळवून रेझिन. रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर २:१, मापाच्या कपानं. जागा शाहूपुरीत वरच्या मजल्यावरची खोली, खिडकी उघडी, पंखा चालू, शेजारीच स्वयंपाकघर.

रेझिन भेसळीचं असेल का? दुसरं घेऊ?

रंकाळा_संध्याकाळ

ताई, रेझिन बदलू नका. तिन्ही खोडी पाण्याच्या आणि तेलाच्या आहेत, डब्याच्या नाहीत. ॲक्रिलिक हा पाण्यातला रंग आणि इपॉक्सीचं, म्हणजे तुमच्या रेझिनचं, पाण्याशी हाडवैर. या दोघांची गाठ कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये मारायची तर मधे सवड द्यावी लागते, आणि तीच तुमच्या कृतीत नाही.

आधी चिकटपणाचं बघू. तो तीन जातींचा असतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून नखानं तपासा. सगळीकडं सारखं मऊ, नख रुततंय, म्हणजे माप चुकलं. बाकी दगडासारखं आणि अधूनमधून ओले डाग, म्हणजे घोटणं कमी पडलं. बहुतेक वेळा कपाच्या कडेला चिकटलेलं कच्चं मिश्रण शेवटी खरवडून वर ओतलेलं असतं. आणि आत कडक, वर मेणचट पापुद्रा, दुधाळ झाक, म्हणजे ब्लश. तुमचं पहिलं घड्याळ या तिसऱ्या जातीचं.

ब्लश म्हणजे हार्डनरमधली अमाइन्स ही रसायनं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि ओलाव्याशी जुळून वरती जो थर धरतात तो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की हा थर पाण्यात विरघळतो. कोमट पाणी, भांड्याचा साबण, हिरवी घासणी घेऊन नीट धुवा, स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. त्यानंतरच २२० नंबरचा पॉलिश पेपर. हा क्रम उलटा केलात तर पेपर तो मेणचटपणा चरांत भरतो आणि पुढचा थर सोलून निघतो. पेपर मारून सगळीकडं एकसारखं मॅट दिसलं की नवा थर.

आता खोली. इथं पावसाळ्यात हवेतला ओलावा कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. इपॉक्सीला ६०-६५ च्या खाली हवा. खिडकी उघडी ठेवून पंखा लावणं म्हणजे तोच ओलावा रेझिनवर फिरवत ठेवणं. शेजारी गॅस पेटलेला असेल तर आणखी वाईट, कारण जळणाऱ्या गॅसमधून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही निघतात, म्हणजे ब्लशला लागणारं सगळं सामान आयतं. स्वयंपाक आटोपल्यावर तासाभरानं, दार लावून काम करा.

एसी असेल तर ड्राय मोड. नसेल तर हवा थोडी तापवणं हाही मार्ग आहे. २४ अंशाला ९० टक्के ओलावा असलेली हवा ३० अंशापर्यंत तापवली की तोच ओलावा साधारण ६३ टक्के दाखवतो. पाणी तेवढंच, पण हवेची धारणशक्ती वाढलेली. छोट्या बंद खोलीत साधा ऑइल हीटर पुरतो. तापमान आणि ओलावा दाखवणारं लहान डिजिटल यंत्र टेबलावरच ठेवा, अंदाजावर जाऊ नका.

एक पथ्य: एमडीएफ किंवा लाकूड रेझिन ओतायच्या आधी तापलेलं हवं, नंतर तापायला नको. ओतल्यावर लाकूड गरम होत गेलं की आतली हवा फुगून बाहेर येते आणि तासभर बुडबुडे थांबत नाहीत. म्हणून हीटर तीन-चार तास आधी लावायचा आणि ओतल्यावर तेवढाच ठेवायचा किंवा किंचित कमी, पण वाढवायचा नाही.

पांढरा_रस्सा

पोअरिंगबद्दल मी लिहितो, कारण दोन आणि तीन नंबरची खोड तिथली आहे.

भेगा पडतात त्या वरची साय आधी वाळते आणि खालचा थर ओला राहतो म्हणून. खालचा आकसताना वरच्याला ओढतो, आणि साय फाटते. कारणं तीन: थर जाड, पाणी जास्त, वरून वारा. तुमच्याकडं तिन्ही जमली आहेत. पोअरिंगला पहिले २४ तास पंखा बंद, वर उंच खोकं उपडं, खोक्याच्या खाली चारही कोपऱ्यांना बोटभर फट. उन्हाळ्यातही हेच, उलट तेव्हा साय आणखी लवकर धरते.

१२ इंची गोलाला एकूण मिश्रण १३० ते १४० मिली पुरतं. यातलं काही कडेनं गळणारच. १५० च्या वर गेलात तर वाकवून जास्तीचं काढून टाका, तसंच ठेवू नका. प्रमाण: ट्यूबचा रंग ५० मिली, तयार पोअरिंग मीडियम (रंग वाहता करणारं द्रव) ८० मिली, पाणी लागलं तर चमचा-चमचा करून, पण १० मिलीच्या आत. घट्टपणा ओळखायला आपल्याकडं उत्तम माप आहे: ताजी, कोमट काकवी. काडीवरून धार सोडली की खाली लहान ढीग दिसावा आणि एक-दोन सेकंदांत विरावा. ढीग दिसलाच नाही तर पातळ, बसून राहिला तर घट्ट. सगळे रंग एकाच घट्टपणाचे हवेत. एक पातळ आणि एक घट्ट असला की पातळ रंग घट्ट रंगाखाली वाहून जातो आणि नक्षीचा चिखल होतो. मिसळून झालं की जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा, झाकून अर्धा तास ठेवा, बुडबुडे वर येतात.

फेव्हिकॉलचं म्हणाल तर सरावाला ठीक. पण पांढरा गोंद दमट हवेत पुन्हा मऊ पडतो, आणि वर रेझिनची कडक काच बसवायची असेल तर खालचा थर असा लेचापेचा चालत नाही. विकायच्या वस्तूला मीडियमच वापरा.

सिरम: त्यात सिलिकॉन तेल असतं, सेल्स त्यामुळंच येतात आणि खड्डेही त्यामुळंच. वाळताना तेल पृष्ठभागावर येऊन बसतं, रेझिनला तिथं पकड मिळत नाही, ते मागं सरतं. प्रत्येक कपात सहा-सहा थेंब म्हणजे घड्याळाला तेलाची आंघोळ झाली. १०० मिलीला १-२ थेंब, तेही एक-दोन रंगांतच आणि काडीनं दोनच फेरे. वर रेझिन द्यायचं नक्की असेल तर सिलिकॉन घालूच नये या मताचा मी आहे. सेल्स घनतेच्या फरकानंही येतात. टायटॅनियम व्हाइटचं रंगद्रव्य पाण्याच्या चौपटीहून जड, काळं त्याच्या मानानं फार हलकं. जड रंग वर ओतला की तो खाली उतरू पाहतो, हलका वर येतो आणि जाळी तयार होते. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस १९३० च्या दशकात एकावर एक रंग ओतून हाच खेळ करत होते, तेव्हा कुठलं सिरम! काळा किंवा निळा खाली, पांढरा वर, आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेनं कडेला ढकला.

सिलिकॉन घातलंच आहे तर धुवावं लागेल. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे पावसाळ्यात कमीत कमी दोन आठवड्यांनी, ओल्या मऊ फडक्यावर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, हलक्या हातानं पुसणं, मग नुसत्या पाण्याचं फडकं. असं दोनदा. स्पिरिट किंवा थिनर लावू नका, रंग सुटतो. मग एका कोपऱ्यात रेझिनचा थेंब पसरून १५ मिनिटं बघा. मागं सरला तर पुन्हा धुवा.

तीन दिवसांत रेझिन हे फारच घाईचं. हाताला कोरडं लागतं ते फक्त वरून. गालाला लावून बघा: गार लागलं तर आत पाणी आहे.

उद्यमनगर_फिटर

मापाबद्दल कुणी बोललं नाही अजून. डब्यावर २:१ लिहिलंय, ते वजनानं की मापानं हे आधी वाचा. रेझिन जड, हार्डनर हलकं. साधारण १.१५ आणि ०.९७ घनता धरा. डब्यावरचं २:१ वजनाचं असेल आणि तुम्ही कपानं १०० मिली आणि ५० मिली घेतलं तर प्रत्यक्षात ११५ ग्रॅमला ४८.५ ग्रॅम पडलं, हवं होतं ५७.५. हार्डनर जवळजवळ १६ टक्के कमी! अशी वस्तू कडक दिसते, पण उन्हात ठेवली की वाकते. गुजरीत सोनाराकडं असतो तसला ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि कप सोडून द्या.

बरेच लोक हार्डनर थोडं जास्त घालतात, लवकर बसेल म्हणून. ही सवय फायबरच्या कामातून आलीय. तिथं पॉलिएस्टर रेझिन असतं आणि त्यातलं कॅटॅलिस्ट कमी-जास्त करून वेळ बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हे साहित्य आहे, मसाला नाही. जास्त झालं तर जास्तीचं तसंच कच्चं राहतं. आणि स्वस्त पडतं म्हणून फायबरवाल्याचं पॉलिएस्टर घरात आणू नका. स्टायरीनचा वास डोकं उठवतो, थर आकसतो आणि कडा सुटतात. त्याचं कोबाल्ट (वेग वाढवणारं द्रव) आणि कॅटॅलिस्ट चुकून थेट एकमेकांत पडलं तर भडका उडतो.

१२ इंची गोलाचं क्षेत्रफळ ७३० चौ. सेंमी. दीड मिमी थराला ११० मिली, कडेची गळती धरून १३५, म्हणजे १५० ग्रॅम मिश्रण. २:१ वजनानं १०० आणि ५०. सावकाश चार मिनिटं घोटा, तळ आणि कडा खरवडत. मग दुसऱ्या कोऱ्या कपात ओतून आणखी एक मिनिट. शेवटी कप वस्तूवर उपडा ठेवून निथळू देऊ नका, वर सांगितलेले ओले डाग तिथूनच येतात.

आता तुमच्या घड्याळात अजून न दिसलेली खोड: १२ मिमी एमडीएफ, वर पोअरिंग आणि रेझिन मिळून दोन-अडीच मिमी. नट बसायला वर तीन-चार मिमी आटे हवेत. म्हणजे १८ मिमीच्या पुढं आट्यांची लांबी लागते आणि बाजारातलं साधं मशीन त्याला पुरत नाही. लांब शाफ्टचं मागून घ्या, नाहीतर पाठीमागं मशीनच्या मापाचा ६ मिमी खोल खळगा राउटरनं काढून घ्या. लेझर कटिंगवाल्याकडून ६ मिमीची चकती आणायची असेल तर पाठ आणि कडा दोन्ही सील करा. एका बाजूनं पाणी प्यालं की पातळ एमडीएफ ताटलीसारखं वाकतं. दोन हात प्रायमर, कडेला तीन. कड स्पंजासारखी पिते.

भोक आधी पाडा, मागून टेप लावून बंद करा, रेझिन पक्कं झाल्यावर समोरून ८ किंवा ८.५ मिमीच्या ड्रिलनं कमी वेगात मोकळं करा. वेग वाढवला तर कडेला रेझिन तापून पांढरं पडतं. शाफ्ट आधी मोजा, सगळी मशीनं सारखी नसतात.

ओतायच्या आधी चकती चार कपांवर ठेवून पाणसळ दोन्ही दिशांनी लावा. खालच्या कडेला मास्किंग टेप चिकटवा आणि रेझिन रबरासारखं झालं की (साधारण ५-६ तासांनी) टेप ओढून काढा, थेंब त्याच्याबरोबर निघतात. दुसऱ्या दिवशी काढलात तर ग्राइंडर लागेल.

गंगावेस_कुंचला

मी वेगळं सांगते. सहा आठवडे, त्यात पावसाळा, तर निम्म्या घड्याळांना रेझिन देऊच नका. पाण्यातलं ग्लॉस वॉर्निश तीन हात, दोन हातांमधे चार-पाच तास. काचेची खोली येणार नाही, पण रंग उठून दिसतो. भिंतीवरच्या वस्तूला कोण कप टेकवायला जातंय? रेझिन कोस्टर-ट्रेसाठी राखा. सगळ्यालाच काच चढवायची ही एक साथ आलीय.

पांढरा_रस्सा

@गंगावेस_कुंचला ताई, घड्याळापुरतं मान्य. फक्त वॉर्निशलाही खालचं पोअरिंग पूर्ण वाळलेलं लागतं, नाहीतर आतलं पाणी अडकून पांढुरकं धुकं दिसतं. म्हणजे दोन आठवडे काही चुकत नाहीत.

मोरपंखी

सगळ्यांचे आभार. डब्यावर खरंच "वजनानं" लिहिलंय, बारीक अक्षरात. तीन घड्याळं वाचतील का? आणि ताट, कोस्टरचं काय? ताटात नीरांजन ठेवायचं असतं. रेझिनला रंग द्यायला तेच ॲक्रिलिक चालेल का?

रंकाळा_संध्याकाळ

पहिलं वाचेल, वर सांगितल्याप्रमाणं धुऊन. मात्र मापही चुकलेलं निघालं, तेव्हा धुतल्यावर पुन्हा नख लावून बघा. रुतत नसेल तरच पुढं जा. रुतत असेल तर स्क्रॅपरनं तो थर काढावा लागेल, मऊ थरावर कडक थर टिकत नाही.

दुसरं: सगळीकडं २२० पेपर, खड्ड्यांतलं तेल साबणाच्या कापसानं टिपून घ्या, पाण्यानं पुसून वाळवा. मग काडीनं खड्ड्यांत थेंबथेंब रेझिन भरा. चार-पाच तासांनी ते चिकट पण न वाहणारं झालं की त्यावर पूर्ण थर. त्या अवस्थेत दिलेला थर पेपर न मारताही धरतो. २४ तास उलटले तर मात्र पेपर मारावाच लागतो.

तिसऱ्याच्या भेगा लपवू नका. पूर्ण वाळल्यावर रेझिनमध्ये सोनेरी मायका (अभ्रक) पावडर कालवून भेगांत भरा, वरचं लगेच पुसून घ्या, नंतर पारदर्शक थर. मुद्दाम केल्यासारखं दिसतं, आणि गिऱ्हाईक विचारतं ते हेच कसं केलं म्हणून.

गंगावेस_कुंचला

ताटाबद्दल स्पष्ट सांगते: पेटतं नीरांजन थेट रेझिनवर ठेवायचं नाही. सजावटीची बहुतेक रेझिनं ५०-६० अंशाला मऊ पडायला लागतात. नीरांजनाचा पितळी तळ पाच-दहा मिनिटांत तेवढा तापतो, आणि रेझिनला ठसा, पुढं डाग. ताटाच्या मधे पितळी वाटी बसेल एवढी जागा ठेवा आणि तिच्याखाली सिरॅमिकची लहान टाइल चिकटवा. कापूर तर नकोच. विकताना ही सूचना चिठ्ठीवर लिहून द्या. प्रसाद ठेवायचा तर केळीचं पान किंवा वाटी. ओली हळद मॅट रेझिनला कायमची पिवळी करते, गुळगुळीत चकाकीवरून बऱ्यापैकी पुसली जाते.

कोस्टरलाही तेच, उकळत्या चहाचा स्टीलचा पेला वर्तुळ उमटवतो. उष्णता जास्त सोसणारं रेझिन वेगळं मिळतं, डब्यावर अंश लिहिलेले असतात. १० सेंमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा कोस्टर म्हणजे ४७ मिली, साधारण ५२ ग्रॅम. सहाचा संच एकदम घोटायचा तर ३१० ग्रॅम, पण ते एकाच कपात ठेवून गप्पा मारत बसू नका. कपात जमलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, जेली होतं, धूर येतो. दोन कपांत निम्मं-निम्मं करा, घोटून झालं की लगेच साच्यांत. उरलेलं कचऱ्याच्या डब्यात नको, पत्र्यावर पातळ पसरून उघड्यावर ठेवा.

रंगासाठी ॲक्रिलिक चालतं ते नावापुरतंच. वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ५२ ग्रॅमला अडीच ग्रॅम. जास्त झालं की त्यातलं पाणी मिश्रणाला दह्यासारखं फाडतं आणि कोस्टर रबरी राहतो. रेझिनची पिगमेंट पेस्ट किंवा मायका घ्या, डोकेदुखी वाचते.

उद्यमनगर_फिटर

दोन गोष्टी राहिल्या. बुडबुड्यांना ज्योतीचा गॅस टॉर्च १०-१५ सेंमीवरून, सतत हलवत, एका जागी एक-दोन सेकंदांच्या वर नाही. जास्त वेळ दिला की साय सुरकुतते. सिलिकॉनच्या साच्यावर ज्योत मारू नका, साचा खरबरीत होतो आणि पुढच्या प्रत्येक कोस्टरवर तो डाग उमटतो.

हातात नायट्राइल मोजे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा उठली की जन्मभर जात नाही, आणि ती उठते उघड्या हातानं वारंवार हाताळल्यामुळं. हाताला लागलं तर साबण आणि पाणी. थिनर लावला तर तो रेझिन कातडीत आणखी आत नेतो. पेपर मारताना धुळीचा मास्क. ओतताना वासासाठी मात्र त्याचा उपयोग नाही, त्याला वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. दार लावून काम करणार असाल तर हा घ्याच.

पांढरा_रस्सा

आणि संध्याकाळी ओतू नका ताई. पाऊस उघडला की दिव्यावर पाखरं येतात आणि दिव्याखाली रेझिन असतं. सकाळी दहाच्या सुमाराला ओता, वर खोकं झाका. खोक्याला आतून ओलं फडकं आदल्या दिवशी मारून वाळवा, नाहीतर त्याचीच धूळ वर पडते.

मोरपंखी

काटा आणि ओलावा-मीटर उद्या आणते. नवीन सहा घड्याळांचं पोअरिंग या आठवड्यात, सिलिकॉनशिवाय. दोन आठवड्यांनी तिघांना वॉर्निश, तिघांना रेझिन. रेझिन किती दिवस पक्कं व्हायला ठेवू?

रंकाळा_संध्याकाळ

हात लावायला २४ तास, मशीन बसवायला ७२, कागदात गुंडाळून द्यायला सात दिवस. बबल रॅपचा फुगा चकाकीला टेकू देऊ नका, मधे बटर पेपर घाला. नाहीतर सातव्या दिवशीही गोल ठसे उमटतात.